यलोफिन टूना आणि त्याची आनुवंशिकी: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये प्राणिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलं, त्यांचे पालक आणि कधीकधी मासळीबाजारातली ओळखीची मंडळी हे प्रश्न विचारतात. काहींना दोन ओळी पुरतात. एफएसटी, म्हणजे समूहांमधला आनुवंशिक फरक मोजणारा आकडा, त्याच्या प्रश्नाला मात्र जरा बैठक मारावी लागेल.

नाशिकला समुद्र नाही. मग इथे टूनाची चर्चा कशाला?

समुद्र नाही, पण नाशिक जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांना जातं. पेठ-सुरगाण्याकडच्या नार, पार, दमणगंगा पश्चिमेला उतरतात आणि अरबी समुद्र गाठतात. गिरणा तापीला मिळून तिकडेच जाते. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी मात्र अरबी समुद्र इतका जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. भारताच्या दृष्टीने यलोफिन टूनाच्या आनुवंशिकीतला सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न याच दोन समुद्रांचा आहे: वेरावळला जाळ्यात येणारा आणि विशाखापट्टणमला गळाला लागणारा मासा एकाच कुळातला, की दोन वेगळ्या? त्याचं उत्तर शोधायला होडीत बसावंच लागतं असं नाही. ते कसं, हे शेवटच्या प्रश्नात.

यलोफिन म्हणजे आपण बाजारात ‘कुपा’ म्हणतो तोच ना?

तो असेल किंवा नसेलही. ‘कुपा’ या नावाखाली एकाहून अधिक जातींचे टूना विकले जातात. किनाऱ्याजवळ सापडणारा छोटा ‘गेदर’ वेगळा. यलोफिनचं शास्त्रीय नाव थुनस अल्बाकेरेस. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बोनातेर यांनी १७८८ मध्ये या जातीचं वर्णन केलं. पूर्ण वाढलेल्या माशाचा पाठीवरचा दुसरा पर आणि पोटाकडचा पर विळ्यासारखे लांब आणि पिवळेधमक असतात. लांबी दोन मीटरच्या वर, वजन दीडशे किलोच्या पुढे जाऊ शकतं. लहानपणी मात्र हा आणि त्याचा भाऊबंद बिगआय टूना इतके सारखे दिसतात की मुरलेले मच्छीमारही चुकतात. तिथे डीएनएच कामाला येतो.

समष्टी आनुवंशिकी नेमकं काय बघते?

एका माशाचे जनुक नाही, तर माशांच्या अख्ख्या समूहात जनुकांची वेगवेगळी रूपं किती प्रमाणात आहेत, ते बघते. डीएनएच्या एखाद्या जागी काही माशांत ‘ए’ हे अक्षर असतं, काहींत ‘जी’. ओमानच्या बाजूला ‘जी’चं प्रमाण ४० टक्के आणि इंडोनेशियाच्या बाजूला ३० टक्के असेल, तर हा फरक निव्वळ नमुन्याचा योगायोग की दोन्हीकडचे मासे एकमेकांत फारसे मिसळत नाहीत? असे हजारो ठिकाणांचे फरक एकत्र धरून उत्तर काढायचं.

नाशिककरांना हे द्राक्षबागेवरून चटकन उमगतं. थॉमसन सीडलेसची बाग काडी लावून वाढवलेली असते, म्हणून बागेतला एक वेल आनुवंशिकदृष्ट्या दुसऱ्याची जवळजवळ नक्कल असतो. एका वेलाची तपासणी केली की बाग कळली. टूनाच्या थव्यात बरोबर उलटं असतं. तिथे कुठलेही दोन मासे सारखे नसतात, त्यामुळे एका माशावरून काहीच बोलता येत नाही. प्रत्येक ठिकाणचे किमान काही डझन मासे हवेत.

मग गोड्या पाण्यातल्या माशांपेक्षा हे काम अवघड का म्हणतात?

कारण नदीतला मासा अडलेला असतो. गोदावरीतला मासा डोंगर ओलांडून गिरणेत जात नाही, आणि जायकवाडीसारख्या धरणाची भिंत खालच्या-वरच्या माशांनाही वेगळं करते. अशी ताटातूट शेकडो पिढ्या टिकली की फरक ठळक होतो. समुद्रात भिंत नसते. यलोफिनची मादी एका वेळी लाखो अंडी सोडते आणि हंगामात ती हे पुन्हा पुन्हा, कधी जवळजवळ रोज करते. जेमतेम एक मिलिमीटरची ती अंडी प्रवाहाबरोबर वाहतात आणि साधारण एका दिवसात फुटतात. मोठा मासाही हजारो किलोमीटर पोहू शकतो. त्यामुळे समूहांमधले फरक फार बारीक उरतात, आणि बारीक फरक शोधताना छोटीशी चूकही फरकासारखीच दिसते.

एफएसटी म्हणजे काय? आणि तो इतका कमी आला की काय समजायचं?

एफएसटी हे माप अमेरिकी शास्त्रज्ञ सीवॉल राइट यांनी मांडलं. सगळ्या विविधतेपैकी किती वाटा ‘समूहासमूहांतल्या फरकाचा’ आहे, ते हा आकडा सांगतो. शून्य म्हणजे समूहांमध्ये काही फरक नाही, एक म्हणजे दोन्हीकडची जनुकरूपं पूर्णपणे वेगळी. टूनासारख्या माशात एकाच महासागराच्या आत हा आकडा शून्याला अगदी चिकटून असतो.

इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. ‘एफएसटी जवळजवळ शून्य, म्हणजे सगळे मासे एकच’, असं वाचून लोक मोकळे होतात. राइट यांचंच साधं सूत्र घ्या. समूह मोठे आहेत, त्यांची देवाणघेवाण दीर्घकाळ स्थिर आहे, असं धरलं तर

एफएसटी = १ ÷ (४ × दर पिढीला येणारे स्थलांतरित मासे + १)

दर पिढीला एकच मासा इकडून तिकडे गेला आणि तिथे प्रजनन केलं, तर एफएसटी ०.२ येतो. दहा मासे गेले तर साधारण ०.०२४. शंभर गेले तर ०.००२५ आणि एवढासा आकडा गोंगाटातून बाहेर काढताना आकडेशास्त्राची दमछाक होते.

आता मच्छीमाराच्या बाजूने बघा. एखाद्या समूहात दहा लाख प्रौढ मासे असतील, तर पिढीभरात बाहेरून आलेले शंभर मासे म्हणजे काहीच नाही. मासेमारीने तो समूह रिकामा केला तर शंभर पाहुणे तो पुन्हा भरणार नाहीत. पण जनुकांच्या हिशेबात तेच शंभर मासे दोन समूहांमधला फरक पुसून टाकायला पुरेसे असतात. आनुवंशिकीचं ‘एक’ आणि मासेमारी व्यवस्थापनाचं ‘एक’ या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हा मुद्दा पक्का बसल्याशिवाय पुढचे प्रश्न वाचू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे फरक सापडला नाही, तर अभ्यास वाया गेला?

नाही. फरक सापडला, तर तो ठोस पुरावा असतो: हे मासे बऱ्याच पिढ्या फारसे मिसळलेले नाहीत. फरक सापडला नाही, तर दोनतीन शक्यता खुल्या राहतात. मासे खरोखर भरपूर मिसळत असतील. थोडेच मिसळत असतील, पण तेवढं पुरत असेल. किंवा ते नुकतेच वेगळे झाले असतील आणि समूह इतके मोठे असतील की फरक साचायला वेळच मिळाला नसेल. मोठ्या समूहात जनुकांचं यादृच्छिक चढउतार फार संथ चालतं. अहवालात ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही वाक्यं एकाच अर्थाने वापरलेली दिसली की मी तो अहवाल जरा सावधपणे वाचतो.

जगात यलोफिनचे साठे किती मानले जातात?

साठा म्हणजे एक धरून मोजला आणि सांभाळला जाणारा माशांचा समूह. व्यवस्थापनासाठी असे चार: अटलांटिकमध्ये एक, हिंदी महासागरात एक, प्रशांत महासागरात पूर्व आणि पश्चिम-मध्य असे दोन. प्रत्येकाची आंतरराष्ट्रीय संस्था वेगळी. आपल्या महासागराचं काम हिंदी महासागर टूना आयोग पाहतो. तो १९९६ पासून आहे आणि त्याचं मुख्यालय सेशेल्समधल्या व्हिक्टोरिया शहरात आहे.

जनुकांचं चित्र या रेषांशी नीट जुळत नाही. २०१५ मध्ये प्रशांत महासागरातल्या अभ्यासात कोरल समुद्र, टोकेलाऊ आणि बाहा कॅलिफोर्निया इथले मासे एकमेकांपासून वेगळे निघाले, आणि व्यवस्थापनाचा पुनर्विचार करा, असं संशोधकांनी थेट शीर्षकातच लिहिलं. २०१७ मध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या, म्हणजे माशाच्या सगळ्या डीएनएच्या, वाचनावर आधारलेल्या अभ्यासात अटलांटिक आणि हिंद-प्रशांत हे दोन गट ठळकपणे वेगळे दिसले. शिवाय जनुकांचा ओघ मुख्यतः हिंद-प्रशांताकडून अटलांटिककडे असल्याचं दिसलं. २०१८ च्या जागतिक अभ्यासात तिन्ही महासागरांचे मासे वेगवेगळे ओळखता आले.

सगळ्यात गमतीशीर जागा दक्षिण आफ्रिकेचं टोक. तिथे २० अंश पूर्व रेखांशावर कागदोपत्री सीमा आहे: पश्चिमेला पकडला तर तो मासा अटलांटिकचा, पूर्वेला पकडला तर हिंदी महासागराचा. पण हिंदी महासागराचं उबदार पाणी अगुल्हास प्रवाहाबरोबर त्या टोकाला वळसा घालून पलीकडे गळतं, आणि मासेही त्याच्यासोबत जातात. जनुकांवरून पाहिलं तर पश्चिमेला पकडलेले बरेचसे मासे मूळचे हिंदी महासागराचे ठरतात. मोजणी मात्र अटलांटिकच्या खात्यावर होते.

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर: अखेर उत्तर काय?

पूर्ण उत्तर अजून हातात नाही, आणि जे आहे ते एकमुखी नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांच्या अभ्यासात मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाच्या) डीएनएवरून भारतीय पाण्यात यलोफिनचे तीन साठे असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याआधी, २००८ मध्ये, श्रीलंकेभोवतीच्या माशांतही छोट्या अंतरावर फरक आढळले होते. २०१७ च्या जागतिक अभ्यासाने अरबी समुद्रातल्या माशांचा तिसरा वेगळा गट असण्याची शक्यता मांडली, ठाम दावा केला नाही. टूना आयोग मात्र आजही अख्ख्या हिंदी महासागराचा साठा एकच धरून हिशेब करतो.

कोणावर विश्वास ठेवायचा? माझा कल असा: अरबी समुद्र वेगळा असण्याची शक्यता गांभीर्याने घ्यावी, पण भारताच्या किनाऱ्यावर नकाशात तीन रेषा ओढण्याइतका पुरावा अजून नाही. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. तो कथेची एकच बाजू सांगतो. जनुकसंचातल्या हजारो ठिकाणांवर आधारित आणि दोन्ही किनाऱ्यांचे भरपूर नमुने घेतलेला अभ्यास झाला, तर चित्र बदलू शकतं. कोणत्या बाजूने, ते आधीच ठरवून बसू नये.

अरबी समुद्रातला मासा वेगळा का पडावा? भिंत तर नाही.

डोळ्यांना दिसणारी भिंत नाही, पण पाण्याच्या आत आहे. उत्तर अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू फारच कमी असतो. यलोफिनला भरपूर प्राणवायू लागतो, तो सतत पोहत राहतो आणि स्नायूंतली ऊब राखून ठेवतो. खाली जागा नाही म्हटल्यावर त्याला वरच्या पातळ थरात राहावं लागतं. त्यात उन्हाळी मान्सूनमध्ये सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला खोलचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि खाद्याचं सगळं वेळापत्रक पावसाच्या वाऱ्यांवर चालतं. या परिस्थितीला सरावलेल्या माशांमध्ये काही जनुकरूपं निवडली जाऊ शकतात. म्हणून संशोधक आता तटस्थ खुणांबरोबर (माशाच्या जगण्यावर परिणाम न करणाऱ्या डीएनएच्या जागा) निवडीखाली असलेल्या खुणाही (जिथलं रूप जगण्याला मदत करतं अशा जागा) मुद्दाम पाहतात. भरपूर मिसळण असूनही अशा मोजक्या ठिकाणी फरक टिकून राहू शकतो. अरबी समुद्राच्या यलोफिनमध्ये हेच घडतंय, असं सिद्ध झालेलं नाही. पण शोध घ्यायचा तर मी तिथून सुरुवात करीन.

मायटोकाँड्रियल डीएनए, मायक्रोसॅटेलाइट, एसएनपी… विद्यार्थ्याने कशापासून सुरुवात करावी?

शिकायला डी-लूप, म्हणजे मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा एक छोटा भाग, उत्तम: स्वस्त, वेगाने बदलणारा, एका पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेत) हाताशी येतो. मायक्रोसॅटेलाइटचा, म्हणजे डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या अक्षरक्रमांचा, काळ आता ओसरला. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळवणं हे त्यांचं जुनं दुखणं. संशोधनाला एसएनपी, म्हणजे एका अक्षराचे फरक, हजारोंच्या संख्येने.

नमुना कसा घेतात?

पराचा किंवा मांसाचा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा, लगेच ९५ टक्के इथेनॉलमध्ये. प्रत्येक माशानंतर चिमटा आणि कात्री स्वच्छ करायची, नाहीतर एका माशाचा डीएनए दुसऱ्याच्या कुपीत जातो. मघाशी म्हटलेल्या बारीक फरकांच्या खेळात एवढी भेसळ निकाल उलटवायला पुरते. कुपीवर पेन्सिलीने लिहावं, कारण इथेनॉल सांडलं की शाई जाते. ठिकाण, तारीख, लांबी आणि शक्य तर नर-मादी नोंदवावं. बंदरावर उतरवलेला मासा नेमका कुठे पकडला, हे होडीवाल्याला विचारल्याशिवाय ‘ठिकाण’ लिहू नये. लांबवरच्या बोटी एका फेरीत बराच समुद्र पालथा घालतात.

माशाला खूण लावून सोडलं तर तो कुठे जातो हे थेटच कळेल ना?

कळतं, आणि ते केलंही आहे. २००० च्या दशकात हिंदी महासागरात दोन लाखांहून अधिक टूनांना खुणा लावून सोडलं गेलं. त्यातले खूप मासे टांझानियाच्या किनाऱ्याजवळ सोडलेले होते, त्यामुळे पश्चिम भागाची हालचाल चांगली कळली, आपल्या बाजूची तितकी नाही. शिवाय मासा भटकला म्हणजे तो तिथे प्रजननही करतो असं नाही. खूण प्रवास सांगते, जनुकं वंशावळ. याच्या जोडीला माशाच्या कानातल्या खड्याचं रासायनिक परीक्षण करतात. त्यावरून तो लहानपणी कोणत्या पाण्यात वाढला, याचा अंदाज येतो. तिन्ही पद्धतींची उत्तरं जुळली, तर समाधानाने झोपावं.

यलोफिन खावा की नको? तो संपत चाललाय म्हणे.

२०१५ मध्ये टूना आयोगाने हिंदी महासागरातला यलोफिन अतिमासेमारी झालेला ठरवला आणि २०१६ मध्ये साठा सावरण्याचा आराखडा आणला. २०२४ च्या मूल्यमापनात तो त्या धोक्याच्या रकान्यातून बाहेर आला. मासे रातोरात वाढले असा त्याचा अर्थ नाही, हिशेबात शिरणारी आकडेवारीही दरम्यान सुधारली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये या जातीला ‘कमी चिंतेची’ असा दर्जा दिला.

आनुवंशिकीची हरकत वेगळी आहे. सगळा महासागर एक धरून काढलेली सरासरी ठीक दिसेल, पण त्यात एखादा छोटा वेगळा समूह दडलेला असेल आणि तोच जास्त उपसला जात असेल, तर सरासरीत ते दिसणार नाही. खाताना ग्राहकाच्या हातात फारसं काही नसतं. तरंगती आमिषं सोडून मोठ्या जाळ्यांनी केलेल्या मासेमारीत कोवळे यलोफिन फार जातात. गळाने पकडलेला मोठा मासा त्यामानाने बरा. आणि कसारा घाट चढून आलेल्या टूनाला बर्फ पुरेसा होता की नाही, हे बघाच. उष्णतेत राहिलेल्या टूनात हिस्टामिन हा बाधणारा पदार्थ तयार होतो आणि तो शिजवूनही जात नाही.

डीएनएवरून समुद्रात किती मासे आहेत हे सांगता येतं का?

येतं, आणि ही मला या क्षेत्रातली सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. पिल्लांचे आणि प्रौढांचे नमुने घ्यायचे आणि त्यात आईबाप-लेकराच्या किती जोड्या सापडतात ते मोजायचं. समुद्रात प्रौढ थोडे असतील तर जोड्या जास्त सापडतील, प्रचंड असतील तर क्वचितच. दक्षिणी ब्लूफिन टूनावर ऑस्ट्रेलियात हे करून दाखवलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे १३ हजार माशांत अशा ४५ जोड्या सापडल्या, आणि तेवढ्यावर प्रौढांची संख्या मांडता आली. यलोफिनची संख्या कितीतरी मोठी, त्यामुळे नमुनेही त्या प्रमाणात लागतील. खर्चाचा प्रश्न खरा तिथे आहे.

डब्यातला टूना कोणत्या जातीचा, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओळखता येईल?

ताज्या माशाचं जमेल. डबाबंद माशाचं कठीण, कारण डबा उच्च तापमानाला शिजवताना डीएनएचे तुकडे होतात. अगदी छोटे तुकडे वाचणारे प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) लागतील. आणि नेहमीचं सीओआय बारकोड (जात ओळखायला वापरतात तो मायटोकाँड्रियाचा ठरावीक जनुक) थुनसच्या जवळच्या जातींत डगमगतं. त्यापेक्षा डी-लूपचा भाग बरा. जात कळेल. मासा कोणत्या समुद्राचा, ते एका माशाच्या डी-लूपवरून कळणार नाही. तसा दावा कोणी केला, तर पुरावा मागा.

नाशिकमध्ये राहून यात काम करता येईल?

मासे हाताळायचे असतील तर बाहेर पडावं लागेल. मत्स्यविज्ञानाची पदवी रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर किंवा उदगीर इथे होते. पुढे मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहेत.

पण या विषयाचं निम्मं काम आता संगणकावर होतं, आणि प्रसिद्ध झालेल्या बऱ्याच अभ्यासांची मूळ डीएनए-माहिती सार्वजनिक भांडारांत मोफत मिळते. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीने बरा लॅपटॉप, लिनक्स आणि ‘आर’ ही आकडेशास्त्राची संगणकभाषा एवढ्या भांडवलावर सुरुवात करावी. आधी अटलांटिक आणि हिंद-प्रशांतचे मासे घेऊन बघावं. तिथे फरक दिसायलाच हवा. दिसला नाही तर निकृष्ट माहिती गाळण्याच्या पायरीत गडबड आहे, मागे जाऊन ती शोधावी. तो दिसला की अरबी समुद्राचे नमुने वेगळे काढावेत. नमुने कमी आहेत, हे लगेच लक्षात येईल. म्हणून समान संख्येचे गट करून, पुन्हा पुन्हा यादृच्छिक निवड करून फरक टिकतो का ते तपासावं. टिकला नाही, तर तेही लिहून ठेवावं, नमुन्यांच्या संख्येसकट.